उबदार झरा

गाडी अजून गल्लीच्या बाहेरही पडली नव्हती, तोच म्हाताऱ्याने खिडकीची काच खाली केली आणि नाक बाहेर काढलं.

"काय झालं, बाबा?" पुढच्या सीटवरून लेकीने विचारलं.

"मोजे."

मोजे जावयाचे होते. जावई शाळेत व्यायाम शिकवायचा, आणि डोंगर, तंबू, ओढा असलं काही म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. मोजे कालच्या सरावाचे होते आणि तेच त्याने आज सहलीला चढवले होते. लेकीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हाताऱ्याने पुढचे दोन तास नाक काही आत घेतलं नाही.

चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला खरं तर कशाचीच घाण वाटू नये. या गृहस्थाचं नेमकं उलटं झालं होतं. लोकांच्या घरात काय काय तुंबतं आणि ते कुठून कुठे जातं हे एकदा कळल्यावर त्याचा माणसांवरचा विश्वास जो उडाला, तो उडालाच. हॉटेलात गेला की आधी ग्लासाचा वास घ्यायचा. दुसऱ्याकडे चहा प्यायचा तो कपाच्या कानाजवळून, कारण तिथे सहसा कोणाचे ओठ लागत नाहीत. कोणाशी हात मिळवला की तो हात बराच वेळ अंगापासून लांब धरून बसायचा. बाबा नाकाने कांदे सोलतात, असं लेक म्हणायची, आणि तेही त्याच्या तोंडावर.

नऊ वर्षांची नात त्याला नाकोबा म्हणायची. ती सकाळी पाण्यात शिरली की संध्याकाळी ओढून काढावी लागायची, म्हणून तो तिला बेडकी म्हणायचा. साऱ्या जगात त्याला किळस येत नव्हती ती एवढ्या एका जिवाची. तिने अर्धं चावून ठेवलेलं बिस्कीटसुद्धा तो निमूट खायचा.

सहल निघाली होती तीही त्याच्याच तोंडामुळे. डोंगराच्या कुशीत झऱ्यांचं एक मोठं उद्यान होतं. पोहायला तळं, तंबू ठोकायला मैदान, हिंडायला पायवाटा. एकतीस वर्षांपूर्वी ते उभं राहिलं तेव्हा तिथलं नळकाम याने केलं होतं, आणि त्या दिवसापासून तो ते सांगत आला होता. अठ्ठावीस नळ, बारा शॉवर, नऊ संडास आणि एका थेंबाची गळती नाही. बेडकीला हे पाढ्यासारखं पाठ होतं. वर्गात तर तिने सांगून टाकलं होतं की ते अख्खं उद्यान माझ्या आजोबांनी बांधलंय. यंदा ती पोहायला शिकली, तेव्हा पहिली डुबकी नाकोबाच्या पाण्यातच मारायची असा तिने हट्ट धरला.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि म्हाताऱ्याला शिसारी आली. ओल्या टॉवेलांचा वास, उन्हात तापलेल्या रबराचा वास, आणि वर सगळ्यांनी अंगाला चोपडलेल्या क्रीमचा वास. मोठ्या तळ्यावर त्या क्रीमचा रंगीत तवंग पसरला होता. तवंगावर एक लांब केस तरंगत होता आणि केसाला कोणाच्या तरी टाचेची चिकटपट्टी लागली होती. काठावर एक बाई दगडाने टाच घासत बसली होती आणि घासून निघेल ते पाण्यात सोडत होती. तिच्यापासून चार हातांवर तिचा नवरा गुळण्या करत होता, आणि त्या कुठे थुंकत होता ते सांगायला नको.

"काय हवा आहे, बाबा," जावई छाती भरून म्हणाला.

"घ्या, घ्या, जावईबापू. पोटभर घ्या. मी उपाशी राहतो."

तो आधी नाहणीघराकडे गेला, आपलं काम बघायला. अठ्ठावीसपैकी अकरा नळ अजून त्याचेच होते. पितळ काळं पडलं होतं, पण एकही ठिबकत नव्हता. त्याने एकेकाला बोटाने टिचकी मारली. मग खाली बेसिनमध्ये पाहिलं. तिथे केसांचा गुंता, पावाचा भिजलेला लगदा आणि कोणीतरी खाकरून ठेवलेली ठेव होती. नळ आपले, घाण यांची, असं त्याने मनाशी ठरवलं आणि त्याला जरा बरं वाटलं. शॉवरपुढे रांग होती. वर सौरबंब बसवले होते आणि सकाळच्या वेळी सगळ्यांना कढत पाणी हवं होतं.

मैदानावर जावई तंबूशी झटत होता. एक काठी सांध्यात सैल झाली होती. म्हाताऱ्याने खिशातून तांब्याची तार काढली. इतरांच्या खिशात रुमाल असतो तशी त्याच्या खिशात कायम तार असायची. सांध्याभोवती तीन वेढे घेऊन त्याने टोकं पिळली. तो डावखुरा होता. सगळे कारागीर तार उजवीकडे पिळतात, हा डावीकडे पिळायचा, आणि उरलेलं टोक दुमडून आत खुपसायचा, म्हणजे कोणाच्या हाताला लागू नये. त्याचे जोड सोडवायला गेलेले लोक ते आणखी आवळून ठेवायचे आणि मग त्याच्या नावाने बोटं मोडायचे. घरी बेडकीच्या सायकलची टोपली, कपडे वाळत घालायची दोरी, कपाटाची मूठ, सगळीकडे हाच उलटा पीळ होता. तिने त्याचं नाव नाकोबाची गाठ ठेवलं होतं, आणि ती सोडवता येणारी घरात ती एकटीच होती.

"ती कुठे गेली?" त्याने विचारलं.

"मुलांच्या तळ्यावर. केव्हाच पळाली."

म्हाताऱ्याने पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला. पांढराशुभ्र, वेगळ्या पिशवीत गुंडाळलेला. लेकीने हात पुसायला मागितला तर त्याने तिला कागदी रुमाल दिला आणि टॉवेल काखेत मारून तो उतरणीला लागला.

मुलांचं तळं खालच्या अंगाला होतं. त्याच्या वेळी तिथे काहीच नव्हतं, नुसती काटेरी झुडपांनी भरलेली घळ होती. आता गोल दगड लावून कमरेएवढ्या पाण्याचं देखणं तळं केलं होतं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात पाटी होती. 'उबदार झरा. संपूर्ण नैसर्गिक.' पाटीखाली दगडांच्या फटीतून पाणी येत होतं आणि सगळी पोरं तिथेच चिकटली होती, कारण बाकीचं तळं गार होतं. बेडकी त्या घोळक्याच्या मधोमध होती. झऱ्याखाली डोकं धरून, तोंड उघडं. काठावर दोन बायका झऱ्याखालचा काळा गाळ गालांना चोळत बसल्या होत्या.

"नाकोबा, ये ना. कसलं कोमट आहे बघ."

तो दोन पावलं पुढे गेला आणि थबकला. आधी आला सडक्या अंड्याचा वास. त्याखाली साबणाचा. आणि साबणाखाली आणखी एक होता, पुसट, पण त्याच्या पक्क्या ओळखीचा. त्याच वासावर त्याने चाळीस वर्षं पोट भरलं होतं.

"बेडके, बाहेर ये."

"का?"

"ये म्हणतो ना. हे पाणी संडासाचं आहे."

गाळवाल्या बायकांनी वळून पाहिलं. मागून आलेल्या लेकीचा चेहरा पडला. "बाबा, पुरे हं आता," ती हळू आवाजात म्हणाली. "गाडीत मोजे, वर तळं, आता हे. एक दिवस तरी पोरीला सुखाने खेळू द्या."

लेकीचंही काही चुकलं नव्हतं. जो माणूस रोज लांडगा आला म्हणून ओरडतो, त्याच्या शेजाऱ्यांनी किती वेळा काठ्या घेऊन धावायचं? बेडकीने आईकडे पाहिलं, आई काही बोलली नाही, आणि पोरगी पुन्हा झऱ्याखाली गेली.

म्हातारा तडक मॅनेजरकडे गेला. मॅनेजर गळ्यात शिट्टी अडकवलेला तरतरीत माणूस होता आणि त्याला झऱ्याचं कौतुक सांगायची सवय होती.

"गंधकाचा वास आहे तो, काका. त्वचेला फार चांगला. सहा वर्षांपूर्वी आम्ही ही घळ साफ करायला घेतली, तर आयताच झरा सापडला. म्हणून तळं इथे केलं. गंमत म्हणजे सकाळी आठ ते बारा जास्त गरम असतो. दुपारी निवतो. निसर्गाची किमया, दुसरं काय."

"सकाळी आठ ते बारा," म्हातारा म्हणाला. "आणि वर शॉवरपुढे रांग कधी असते?"

मॅनेजर हसला. म्हातारी माणसं हसून घालवायची असतात, हे त्याच्या नोकरीतच होतं.

म्हातारा चिडला. तंबूत जाऊन त्याने बेडकीची पिशवी उपसली. दगडांवर चित्रं काढायला तिने रंगांच्या बाटल्या आणल्या होत्या. त्यातली जांभळी त्याने उचलली, वर जाऊन संडासात रिकामी केली आणि चार बादल्या पाणी मागून ओतलं. गळती कुठली ते शोधायची ही त्याची जुनी युक्ती. मग टॉवेल सांभाळत तो खाली आला आणि मॅनेजरला दंडाला धरून झऱ्यापुढे उभं केलं. स्वतःहून कोणाला हात लावायची ही त्याची त्या वर्षातली पहिली वेळ असावी.

बाराव्या मिनिटाला झरा जांभळा झाला.

पोरांनी आनंदाने एकच गलका केला. मॅनेजर मात्र आता हसत नव्हता. "कोणीतरी रंग टाकला असेल पाण्यात," तो म्हणाला.

"मी टाकला. संडासात टाकला."

"डोंगराला भेगा असतात, काका. पाणी कुठून कुठे जाईल सांगता येतं का? पुढच्या आठवड्यात माणूस बोलावून तपासून घेतो. आज सुट्टीची गर्दी आहे, आज काही..."

"भेगा?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "ही भेग कोणीतरी हाताने केली आहे. कोण गाढव होता तो मला दाखवा. असल्या माणसाला कारागीर म्हणायचं? स्वतःच्या घरात असं केलं असतं का त्याने? त्याच्या पोरांना पाजायला हवं होतं हे पाणी, म्हणजे कळलं असतं." आणि टॉवेल खांद्यावर टाकून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो त्या पाण्यात उतरला. तो फटीतले दगड उपसायला लागला. तिसऱ्या दगडामागे पाइपचं तोंड निघालं. चौथा दगड काढल्यावर पाइपाचा जोड दिसला, त्यावर बुरशीसारखी राखाडी साय. त्याने ती अंगठ्याने पुसली.

खाली तांब्याची तार होती. तीन वेढे. टोक दुमडून आत खुपसलेलं. आणि पीळ डावीकडचा.

तो तसाच वाकून उभा राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय असतं, ते त्याला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

मग सगळं आठवलं, एकामागून एक. उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. संडास आणि शॉवर दोन्हींचं पाणी जायचं ती सेप्टिक टाकी चाचणीच्या पाण्यानेच तुडुंब, कारण खाली कातळ होता आणि टाकीतलं पाणी मुरायला केलेला खड्डा एक थेंब पीत नव्हता. ठेकेदार म्हणाला, उद्याचा दिवस निभाव. याने टाकीच्या बगलेला भोक पाडलं, पाइप घातला, तो मातीखालून खालच्या घळीत नेला, जोडावर आवळायची पट्टी संपली म्हणून जोड तारेने बांधला, वर दगड रचले. घळीत कोण जातंय? तात्पुरतं आहे, आठवड्यात येऊन काढतो, असं त्याने ठेकेदाराला सांगितलं होतं. अठ्ठावीस नळ तो एकतीस वर्षं सांगत आला होता. एकोणतिसावी गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती.

मॅनेजर वाकून बघत होता. त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. "हां, म्हणजे पावसाच्या पाण्याचा जुना पाइप असणार. कोणी टाकला, कुठून येतो, कोणालाच माहीत नाही बघा. कागदावर तर काहीच नाही. दोन दिवस ब्लीचिंग पावडर टाकू, सोमवारी बघू."

आता नुसतं गप्प राहायचं होतं, बस. बेडकीला पोटदुखीचं निमित्त करून बाहेर काढता आलं असतं. बाकीच्यांची पोरं बाकीच्यांनी बघावीत. आयुष्यभर तो लोकांच्या घाणीबद्दल बोलत आला होता. एवढी एक घाण न बोलता राहिली असती तर कोणाला कळणार होतं?

पण बेडकी तोवर त्याच्या कुशीत शिरून पाइपावर वाकली होती. तिने तारेवरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"नाकोबा, ही तर तुझी गाठ आहे." ती मागे वळली आणि पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी सांगत नव्हते? हा झराही माझ्या आजोबांनी केलाय."

तिच्या केसांतून ते पाणी टपकत होतं. वरच्या ओठावर जांभळी रेघ उमटली होती.

"हे पाणी प्यायलीस?" त्याने विचारलं.

"सगळेच प्यायलो. कोण जास्त पितं ते बघत होतो."

म्हातारा सरळ झाला. त्याला वाटलं होतं आवाज निघणार नाही, पण निघाला, आणि नको तेवढा स्वच्छ निघाला. "हा झरा नाही. वरच्या संडासांच्या टाकीचा पाइप आहे. एकतीस वर्षांपूर्वी मी टाकला. मीच. पोरांना बाहेर काढा."

मग गाळवाल्या बायकांपैकी एकीने गालाला हात लावला, हाताकडे पाहिलं आणि ती तिथेच काठावर ओकली. पुढे सगळं एकदम झालं. आया पोरांना दंडाला धरून ओढत होत्या, पोरं थुंकत होती, रडत होती, एक बाप म्हाताऱ्याच्या अंगावर धावून आला आणि जवळ येताच, त्याला हात लावायचीसुद्धा किळस वाटून, मागे सरला. जावयाने बेडकीला उचललं. लेक बापाकडे अशी बघत होती, जसा तो आजवर दुसऱ्यांच्या बेसिनकडे बघत आला होता.

मॅनेजरने संडास आणि शॉवर बंद केले. म्हातारा म्हणाला, त्याने भागायचं नाही, टाकी काठोकाठ आहे, दोन दिवस झिरपत राहील. खालून बुजवलं तर जोड सुटेल, टाकीचं भोकच बंद करायला हवं, आणि ते कुठे आहे ते मलाच माहीत आहे.

नाहणीघरामागे गवत वाढलं होतं. त्यातलं एक चपटं झाकण त्याने पहारीने उचकटलं आणि मागे उभे असलेले चार लोक नाक धरून पांगले. तो पालथा झोपला. तोंड बाजूला वळवलं, श्वास रोखला आणि डावा हात खांद्यापर्यंत आत घातला. हात कोमट, बुळबुळीत, जड अशा कशात तरी शिरला. कशात ते त्याला नीट ठाऊक होतं, आणि आज त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. बोटांना पाइपचं तोंड लागलं. बुजवायला काहीतरी हवं होतं. त्याने उजव्या हाताने खांद्यावरचा पांढरा टॉवेल ओढला, दातांनी धरून त्याची गुंडाळी केली आणि ती खाली नेऊन भोकात ठोसली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. उठून तो चार पावलं गेला आणि सकाळचं सगळं त्याच्या पोटातून बाहेर आलं.

अकरा नळांपैकी एकाखाली त्याने साबण संपेपर्यंत हात धुतला. नळ गळत नव्हता.

तंबू न वापरताच गुंडाळला. काठीवरची तार जावयाला सुटेना, तो आणखीच आवळत बसला. सवयीने सगळ्यांनी बेडकीकडे पाहिलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि ती गाडीत जाऊन बसली, तेव्हा जावयाने काठी तारेसकट डिकीत कोंबली. लेकीने डॉक्टरांना फोन केला. पोटावर लक्ष ठेवा, उलट्या किंवा ताप आला तर लगेच घेऊन या, असं ते म्हणाले. तिने बेडकीचं कपाळ तीनदा तपासलं.

येताना बसले होते तसेच सगळे बसले. म्हातारा मागे डावीकडे, बेडकी त्याच्या शेजारी, मध्ये पिशवी. पिशवी येताना डिकीत होती. घाट उतरल्यावर बेडकीने विचारलं, "आजोबा, तू परत जाऊन तो काढला का नाहीस?"

नाकोबा नव्हे, आजोबा. त्याने ते ऐकलं.

"विसरलो."

"एकतीस वर्षं?"

"नाही गं. दुसऱ्याच दिवशी विसरलो."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. मग आपल्या बाजूची काच खाली केली, नाक बाहेर काढलं आणि घर येईपर्यंत आत घेतलं नाही.